रेघ आणि भिंत : वास्तुरेखनाचे शिक्षण

व्याख्यानमालेचे हे दिवस म्हणजे परीक्षा संपल्याचे आणि निकाल न लागल्याचे दिवस. घरोघरी एकच चर्चा चाललेली असते : मुलाला, मुलीला पुढे कोठे घालावयाचे? त्या चर्चेत कोणी आरेखकाचा, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ड्राफ्ट्समन म्हणतो त्याचा अभ्यासक्रम सुचविला, की आईबापांचा चेहरा थोडा उतरतो. 'म्हणजे नकाशेच काढायचे ना?' असा प्रश्न येतो. त्या 'च'मध्ये पुष्कळ काही दडलेले असते. इंजिनिअर झाला तर पूल बांधील, वास्तुविशारद झाला तर नाव होईल. हा आपला टेबलाशी वाकून दुसऱ्याच्या विचारांच्या रेघा ओढणार, असा त्याचा अर्थ असतो.

आम्ही आयुष्याची बरीच वर्षे त्या टेबलाशी वाकून काढली आहेत, आणि पुढे त्याच टेबलाशी वाकणाऱ्या मुलांना शिकविलेही आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा थोडाफार अधिकार आम्हाला आहे असे समजतो. विषय रूक्ष वाटेल. परंतु श्रोत्यांमध्ये ज्यांना मुले शिकवायची आहेत त्यांच्याइतकाच तो ज्यांना घर बांधायचे आहे त्यांच्याही उपयोगाचा आहे. आणि या दोहोंपैकी एकातही न मोडणारा गृहस्थ शहरात सापडणे कठीण.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. आपल्या पूर्वजांनी वाडे बांधले, घाट बांधले, देवळे बांधली. ते काय कॉलेजात नकाशे काढायला शिकले होते? नव्हते. पण याचा अर्थ त्यांना नकाशाची गरज नव्हती असा नाही. त्यांचा नकाशा कागदावर नव्हता, इतकेच. जुन्या वाड्याची भाषा खणांची असे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. मालकाने 'इतके खण ओसरी, इतके खण माजघर' असे सांगितले, की सुताराला आणि गवंड्याला पुढचे उमगत असे; कारण खांब केवढा, तुळई केवढी, जोते किती उंच, हे सारे परंपरेने ठरून गेलेले होते. शिवाय ठरविणारा आणि बांधणारा एकाच अंगणात उभे असत. शंका आली तर हाक मारण्याचेच काम होते.

ही सोय एकोणिसाव्या शतकात मोडली. कालवे, सडका, रेल्वे, कचेऱ्या यांची कामे सुरू झाली. ठरविणारा एका गावी, पैसे मंजूर करणारा दुसऱ्या गावी आणि बांधणारा तिसऱ्याच रानात, अशी स्थिती आली. या तिघांमध्ये बोलण्यासाठी एक भाषा हवी होती, आणि ती भाषा म्हणजे मापे घातलेला नकाशा. म्हणून 1847 साली रुरकीला इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले आणि 1854 साली आपल्या पुण्यात सार्वजनिक बांधकामांवर हाताखालची माणसे तयार करण्यासाठी वर्ग निघाला. त्याच वर्गाचे पुढे इंजिनिअरिंग कॉलेज झाले. मुंबईत 1857 साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाची कलाशाळा निघाली, आणि एकोणिसावे शतक संपता संपता तिच्यात आरेखकांचा वर्ग चालू झाला. हेतू अगदी साधा होता : वास्तुविशारदांच्या कचेऱ्यांना नकाशे काढणारी माणसे हवी होती. पण पुढील काही वर्षांत त्याच शाळेत वास्तुकलेचे रीतसर शिक्षण उभे राहिले, आणि तेथील विद्यार्थ्यांनी 1917 साली काढलेल्या संघाचीच पुढे 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. सांगावयाचे एवढेच की, ज्या वर्गाला आपण आज 'नकाशेच' म्हणून नाक मुरडतो, त्या वर्गातून या देशातले वास्तुशिक्षण उगवले आहे. घराचा पाया जसा जमिनीखाली असल्यामुळे नजरेत भरत नाही, तसेच हेही झाले आहे.

आज या विद्येकडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः तीन. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा स्थापत्य आरेखकाचा अभ्यासक्रम, ही पहिली. दहावीनंतरच तंत्रनिकेतनात तीन वर्षांची स्थापत्याची किंवा वास्तुविशारदाच्या साहाय्यकाची पदविका, ही दुसरी. आणि बारावीनंतर पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी, ही तिसरी. 1972 च्या कायद्याप्रमाणे 'आर्किटेक्ट' ही उपाधी ज्याची रीतसर नोंदणी झाली आहे त्यालाच लावता येते. तेव्हा पहिल्या दोन वाटांनी गेलेल्याला ती मिळणार नाही, हे आईबापांनी आधीच समजून घ्यावे. सरकारी बांधकाम खात्यात अनुरेखक, सहायक आरेखक, आरेखक अशी चढण असते. खाजगी कचेऱ्यांत अशा पायऱ्या नसतात, हाताचा आणि डोक्याचा गुण पाहून काम मिळते. परंतु वाट कोणतीही असो, पहिल्या वर्षी जे शिकावे लागते ते तिन्ही ठिकाणी एकच आहे. ते काय, हे आता पाहू.

पहिला पाठ रेघेचा. मुलाला वाटते, रेघ काय, शाळेतही ओढली होती. येथे त्याला सांगितले जाते की रेघा अनेक जातींच्या आहेत. जी वस्तू कापली गेली आहे तिची कड जाड रेघेने दाखवायची. जी कापलेली नाही पण मागे दिसते आहे तिची बारीक रेघेने. जी आहे पण झाकली गेली आहे तिची तुटक रेघेने. भिंतीच्या किंवा खांबाच्या मध्यातून जाणारी कल्पित रेघ एक लांब तुकडा, एक आखूड तुकडा अशी. म्हणजे रेघ पाहताक्षणी वाचणाऱ्याला कळले पाहिजे की ही भिंत आहे, की फरशीची कड आहे, की वरून जाणारी तुळई आहे. व्याकरण चुकलेले वाक्य जसे भलताच अर्थ देते, तसे येथे होते. फरक एवढाच की, चुकलेले वाक्य खोडता येते, चुकलेली भिंत पाडावी लागते.

दुसरा पाठ प्रमाणाचा. पाच मीटर लांबीची खोली कागदावर मावत नाही, म्हणून ती शंभरपट लहान करून पाच सेंटीमीटरची काढतात. हे एकास शंभर प्रमाण. आता येथे एक गंमत पाहा. या प्रमाणात पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवर पाच सेंटीमीटर झाले! तेव्हा कोणी नकाशावर पट्टी ठेवून माप घेऊ लागला, तर रेघेच्या या कडेपासून घेतले की त्या कडेपासून, यावरच त्याचे पाच सेंटीमीटर इकडेतिकडे होतील. शिवाय कागद पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. म्हणून या विद्येतला नियम असा की माप पट्टीने घ्यायचे नाही, लिहिलेला आकडा घ्यायचा. आणि म्हणूनच आरेखकाचे अक्षर आणि आकडे सुवाच्य असावे लागतात. एक आणि सात यांच्यात घोटाळा झाला तर त्याचा दंड मालक भरतो.

तिसरा पाठ प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन यांचा. एलिव्हेशन म्हणजे घराचा दर्शनी चेहरा. तो सर्वांना समजतो, आणि घरमालक बहुधा तेवढाच पाहतो. प्लॅन म्हणजे घर खिडकीच्या उंचीवर आडवे कापले, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून खाली पाहिले तर जे दिसेल ते. सेक्शन म्हणजे घर उभे कापून बाजूने पाहिल्यावर जे दिसेल ते. पाव कापल्यावर आतली जाळी दिसते, तसे. या तिघांत आम्ही सेक्शनला सर्वांत अधिक मान देतो. का, ते आमच्याच एका फजितीवरून सांगतो.

विद्यार्थी असताना आम्ही एका दुमजली घराचा नकाशा केला होता. जिना मधोमध, दोन टप्प्यांचा. आणि जिन्याच्या मधल्या चौथऱ्याखालून परसात जायला दार. प्लॅन इतका नेटका जमला होता की आम्ही स्वतःवर खूश होतो. गुरुजींनी तो पाहिला आणि विचारले, 'या दारातून कोण जाणार? मांजर?' आम्हाला काही कळेना. त्यांनी हिशेब करायला लावला. मजल्याची उंची तीन मीटर. पायरीची उंची पंधरा सेंटीमीटर, म्हणजे वीस चढ. दोन टप्प्यांत दहा दहा. तर मधला चौथरा जमिनीपासून दीड मीटरवर आला. त्यातून त्याच्या स्लॅबची जाडी पंधरा सेंटीमीटर वजा केली, तर खाली उरले एक मीटर पस्तीस. माणूस ताठ जायचा तर निदान दोन मीटर वीसच्या आसपास उंची मोकळी हवी! प्लॅनमध्ये ही चूक दिसणे शक्यच नव्हते, कारण प्लॅनमध्ये उंची नसते. सेक्शन काढला असता तर पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती. त्या दिवसापासून आम्ही नकाशा हातात आला की जिना कोठून कापला आहे हे आधी पाहतो; आणि श्रोत्यांपैकी कोणी घर बांधणार असतील त्यांनाही हेच करण्याची विनंती करतो.

येथपर्यंत जे सांगितले ते रेघेचे शिक्षण झाले. पण रेघ ज्या वस्तूऐवजी उभी आहे ती वस्तू ठाऊक नसेल, तर ते शिक्षण पोपटपंचीचे होते. म्हणून चांगल्या कॉलेजात आरेखनाच्या जोडीला बांधकामशास्त्र असते, आणि ते वहीत नव्हे, आवारात शिकवले जाते.

आवारात प्रथम मुलांच्या हातात वीट देतात. एकोणीस सेंटीमीटर लांब, नऊ रुंद, नऊ उंच. मालाचा थर धरून वीस, दहा, दहा. मालाशिवाय कोरड्या विटा रचून भिंत करायला सांगतात. मुले पहिल्यांदा विटांवर विटा सरळ रचतात. सांध्यावर सांधा येतो, आणि हाताने ढकलले की भिंत खांबाखांबांनी सुटी होऊन पडते. मग एका थरात विटांची लांब बाजू समोर, तर वरच्या थरात आखूड बाजू समोर, अशी रचना करवतात. आखूड बाजू समोर असलेली वीट भिंतीच्या जाडीत आत शिरलेली असते. ती पुढच्या आणि मागच्या विटांना एकमेकींशी बांधून ठेवते. याला सांधमोड म्हणतात. आता ढकलले तर भिंत एकदम सुटी होत नाही. ज्या मुलाने हे हाताने केले आहे, तो पुढे कागदावर वीटकामाचा कोपरा काढताना निराळ्या डोळ्यांनी काढतो.

त्याच आवारात त्याची ओळख गवंड्याच्या हत्यारांशी होते : ओळंबा, पाणसळ, गुण्या, सूत. गंमत अशी की, वर्गातल्या टेबलावर काटकोनासाठी जे त्रिकोणी साधन असते त्यालाही आपण गुण्याच म्हणतो, आणि गवंडी कोपरा तपासतो तोही गुण्याच. नाव एक, काम एक. फक्त एक कागदावर चालतो आणि दुसरा भिंतीवर. या दोन गुण्यांची भेट घालून देणे, हेच या सर्व शिक्षणाचे सार आहे असे आम्हाला वाटते.

मग पावसाचा पाठ येतो. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या बाजूला, कडेपासून थोडे आत, एक बारीक खाच ठेवतात. नवख्याला ती शोभेची वाटते, आणि घाईत तो ती नकाशातून गाळतो. पण छज्ज्यावरून ओघळणारे पाणी कडेवरून वळून खालच्या अंगाने भिंतीकडे सरकत असते. ती खाच लागली की तेथेच थबकून खाली गळते. खाच नसेल तर पाणी भिंतीपर्यंत जाते, आणि दोन पावसाळ्यांत आत ओल धरते. मालक रंगाऱ्याला बोल लावतो. वस्तुतः दोष कागदावर न काढलेल्या खाचेचा असतो.

छज्ज्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगायला आनंद होत नाही. पण आम्ही ती प्रत्येक वर्षी पहिल्या वर्गाला सांगत आलो आहोत.

काँक्रीट दाबाला मोठे धीट, पण ताणाला फार दुबळे. म्हणून जेथे ताण पडतो तेथे सळई घालतात. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये खाली वाकू पाहतो. त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून मुख्य सळई खाली. छज्ज्याचे उलट आहे. तो एका बाजूने भिंतीत पकडलेला आणि दुसऱ्या बाजूने अधांतरी असतो. त्याचे टोक खाली वाकू पाहते, तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते. म्हणून मुख्य सळई वर हवी. श्रोत्यांनी घरी गेल्यावर एखादी जाड खोडरबरी पट्टी एका टोकाला धरून दुसरे टोक वाकवून पाहावे. भेगा वरच्या अंगाला पडू पाहतात हे दिसेल.

आम्हाला हे ठाऊक होते. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका लहानशा इमारतीचे नकाशे आमच्याकडे आले, आणि आम्ही सेक्शनमध्ये छज्जा काढला, सळईही वरच्या बाजूलाच काढली. पण तो सेक्शन एकास पन्नास प्रमाणात होता. दहा सेंटीमीटर जाडीचा छज्जा त्या प्रमाणात दोन मिलिमीटरचा होतो. त्यात सळई वर आहे की खाली आहे, हे फार तर एक मिलिमीटरच्या फरकाने कळायचे. तो छज्जा दहापट लहान करून स्वतंत्र, मोठा काढायला हवा होता, आणि 'मुख्य सळई वरच्या बाजूस' असे अक्षरात लिहायला हवे होते. आम्हाला वाटले, एवढे कोणालाही कळते. प्रत्यक्ष जागेवर प्रत पोहोचली तेव्हा ती रेघ पुसट झालेली होती. सळई बांधणाऱ्याने स्लॅबच्या सवयीने ती खाली घातली. बाहेरून पाहता छज्ज्यात काहीही वावगे दिसत नव्हते. टेकू काढले त्या दिवशी दुपारी तो भिंतीजवळ मोडून खाली आला. जेवणाची सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हते. दहा मिनिटांपूर्वी तेथे सावलीत एक बाई मूल घेऊन बसली होती, असे आम्हाला मागाहून सांगण्यात आले.

चौकशीत आमच्यावर ठपका आला नाही. नकाशात सळई वरच होती! रेघ बरोबर होती. पण आम्ही तेव्हापासून असे मानत आलो आहोत की, रेघ बरोबर असणे पुरेसे नाही; जो ती वाचणार आहे त्याला ती बरोबर कळणे, हे काढणाऱ्याचेच काम आहे. आरेखक हा चित्रकार नव्हे, तो सांगणारा आहे. ज्याला सांगायचे त्याची भाषा, त्याचे हात, त्याची घाई, उन्हात फडफडणारा कागद, हे सर्व ज्याने पाहिलेले नाही त्याला नीट सांगता येत नाही. छज्ज्याच्या सळया नकाशाप्रमाणे वर बांधल्या तरी काँक्रीट ओतताना मजूर त्यांच्यावर पाय देतात आणि त्या खाली दबतात. म्हणून त्यांच्याखाली आधार ठेवावे लागतात आणि ते आधारही नकाशात दाखवावे लागतात. ही गोष्ट टेबलाशी बसून सुचत नाही.

ही झाली पुसट रेघेची गोष्ट. आता न काढलेल्या रेघेची गोष्ट सांगतो, आणि ती फार मोठी आहे.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत किल्लारीच्या आसपास भूकंप झाला. गणपती बोळवून गावे झोपली होती. धक्का 6.2 तीव्रतेचा, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हे. आणि तो भाग त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. तरीही हजारो माणसे गेली. का गेली? त्यांना जमिनीने मारले नाही, घरांनी मारले.

त्या भागातली जुनी घरे दगडमातीची. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. वर लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचे माळवद, पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यापूर्वी भर घालून फूट-दीड फूट, कोठे त्याहूनही जाड झालेले. उन्हाळ्यात ही घरे थंड राहत, यात शंका नाही. पण ती जाड भिंत वस्तुतः एक भिंत नव्हती. बाहेरून दगडाचा एक पापुद्रा, आतून दुसरा, आणि मध्ये माती व दगडगोटे. या दोन पापुद्र्यांना एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड पुष्कळ ठिकाणी नव्हता. जमीन हलली तसे पापुद्रे एकमेकांपासून सुटले, फुगले, ढासळले. आणि त्यांच्यामागोमाग माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर आली. काही घरांत मात्र लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या पडल्या. पूर्वजांच्या खणाने तेथे लाज राखली.

श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच की, हा तोच पाठ आहे जो आवारातल्या मुलाने कोरड्या विटांवर गिरविला होता. आत शिरलेली वीट दोन बाजूंना बांधते. आरपार दगड दोन पापुद्र्यांना बांधतो. त्याच वर्षी, 1993 मध्ये, भारतीय मानक ब्यूरोने अशा हलक्या मजबुतीच्या बांधकामांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सांगितले आहे की उंचीत दर साठ सेंटीमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त एक मीटर वीस सेंटीमीटरला एक आरपार दगड हवा. शिवाय जोत्यावर, दारांच्या माथ्यावर आणि छपराखाली भिंतीला सर्व बाजूंनी कवळणारे पट्टे हवेत. भूकंपानंतर मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या जुन्या भिंतींना आरपार भोके पाडून, त्यांत आकड्याची सळई घालून काँक्रीट भरण्यात आले. म्हणजे जो दगड बांधताना घालायचा राहिला तो मागाहून घातला. आणि सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला पट्टाच 2002 सालच्या सुधारणेत भूकंपाच्या नकाशातून काढून टाकण्यात आला.

ज्या गावांत ही घरे होती तेथे नकाशा काढणारा कोणी नव्हता, आणि त्याबद्दल गावकऱ्यांना बोल लावणे अन्यायाचे होईल. पण आज लहान लहान गावांतून मुले-मुली तंत्रनिकेतनात जातात आणि सुट्टीत घरी परत येतात. अशा एका मुलीने जर आपल्या गल्लीत चाललेल्या भिंतीकडे पाहून 'मामा, आरपार दगड कुठे आहे?' एवढे विचारले, तर तिच्या तीन वर्षांच्या फीचे पैसे तेथेच वसूल झाले असे आम्ही समजू.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुन्या काळचे. आता संगणक आहे. खरे आहे. ऑटोकॅड 1982 साली निघाले, आणि आज टी-स्क्वेअर व शाईच्या पेनांचे दिवस जवळजवळ संपले आहेत. आम्हाला त्याचे दुःख नाही. एकच नकाशा चार वेळा हाताने उतरविण्यात जन्म घालविणाऱ्या अनुरेखकांचे वाकलेले पाठीचे कणे आम्ही पाहिले आहेत. परंतु यंत्राने हाताचे श्रम वाचविले, डोक्याचे नाही. पूर्वी खिडकी काढायला अर्धा तास लागे, त्या अर्ध्या तासात ती पावसाला कशी तोंड देईल याचा विचार आपोआप होई. आता एका नकाशातली खिडकी उचलून दुसऱ्यात ठेवायला एक क्षण पुरतो, आणि कोकणातल्या घराला सोलापूरची खिडकी लागते. तीन महिन्यांत संगणकावर रेघा मारायला शिकविणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. रेघ मारता येणे म्हणजे आरेखन, असे तेथे मुलांना वाटू लागले तर दोष मुलांचा नव्हे. टाइप करता येणारा जसा लेखक होत नाही, तसा रेघा मारता येणारा आरेखक होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

शेवटी दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांना थोडे व्यवहाराचे सांगतो.

ज्यांना मूल घालावयाचे आहे त्यांनी कॉलेज पाहायला जावे तेव्हा संगणकांची खोली दाखवतील, ती पाहावी. पण त्यानंतर विचारावे, विटा-वाळूचे आवार कोठे आहे? मुलांना वर्षातून किती वेळा चालू बांधकामावर नेता? काँक्रीटचे ठोकळे मुले स्वतः भरतात की भरलेले पाहतात? या प्रश्नांची उत्तरे ज्या ठिकाणी सरळ मिळतील, तेथे इमारत जुनी असली तरी मुलाला खुशाल घालावे.

ज्यांना घर बांधायचे आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. नगरपालिकेत मंजुरीसाठी दिला जातो तो नकाशा जागा, अंतरे आणि क्षेत्रफळ दाखविण्यासाठी असतो. त्यावरून घर बांधता येत नाही. बांधण्यासाठी निराळे, मोठ्या प्रमाणातले नकाशे लागतात : जिन्याचा सेक्शन, सळयांचे तपशील, छज्जा, न्हाणीघराचा उतार. पुष्कळ लोक मंजुरीचा नकाशा हातात पडला की आरेखकाचा हिशेब चुकता करतात आणि पुढचे गवंड्यावर सोपवितात. वाचतात ते थोडे रुपये, आणि पत्करतात ती पुढच्या कित्येक वर्षांची जोखीम. नकाशे मागावेत, आणि ते मिळाल्यावर त्यांची एक प्रत गवंड्याच्या हाती देऊन, त्याच्याजवळ बसून, त्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. न समजलेले काही असले तर ते तेथेच बाहेर येते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. होय, आरेखकाला नकाशेच काढायचे असतात. पण त्याने आज ओढलेल्या रेघेच्या जागी उद्या एक भिंत, एक जिना किंवा एक छज्जा उभा राहणार असतो, आणि त्याच्या सावलीत दुपारच्या वेळी कोणीतरी मूल घेऊन बसणार असते. हे ज्याला टेबलाशी बसल्या बसल्या दिसते, त्याचे शिक्षण पुरे झाले. ज्या मुलामुलींना ते पाहण्याची हौस आहे, त्यांना आईबापांनी या वाटेवरून मागे ओढू नये, एवढीच आमची विनंती आहे.